दुसरी सुपारी : कोकणात रॉक बँड घेऊन निघालेल्या नव्या मुलांसाठी

पहिली सुपारी, म्हणजे पैसे ठरवून मिळालेला कार्यक्रम, ओळखीवर मिळते. कुणाचा तरी आतेभाऊ मंडळाचा खजिनदार असतो, कुणाची ताई कॉलेजात शिकवते, नाहीतर एखाद्या रिसॉर्टवाल्याला एकतीस डिसेंबरसाठी ऐनवेळी कुणीच मिळालेलं नसतं. बँड उभा राहतो तो दुसऱ्या सुपारीवर. त्याच गावातून, त्याच माणसाचा, पुढच्या वर्षी आपणहून फोन आला की समजायचं, आपलं काहीतरी बरोबर चाललंय. आम्ही चौघं आहोत : गायक, बेस, ड्रम आणि गिटारवर मी. रत्नागिरीत राहतो, वर दापोलीपासून खाली मालवणपर्यंत वाजवतो. हा लेख त्या दुसऱ्या फोनसाठी काय काय करावं लागतं याबद्दल आहे. वाद्य तुम्हाला येतं आणि चार-सहा महिने एकत्र तालीम झालीय असं धरून चालतो. झाली नसेल तर आधी ती करा.

आधी वर्ष ओळखा

आपल्याकडे कार्यक्रमांचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं आणि मिरग लागला की संपतं. नोव्हेंबरपासून पर्यटक यायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजची गॅदरिंगं, नाताळ ते एकतीस डिसेंबर हॉटेलं आणि रिसॉर्ट, मध्येच एखादा पर्यटन महोत्सव. दहावी-बारावीच्या परीक्षा लागल्या की वस्तीत स्पीकर लावायला कुणी तयार होत नाही, आणि आपणही आग्रह धरू नये. मग एप्रिल-मे. मुंबईकर गावी आलेले असतात, वाडीवाडीत सत्यनारायणाची पूजा असते, रात्रीचे क्रिकेटचे सामने असतात, लग्नं आणि हळदी असतात. नव्या बँडला खरं काम या दोन महिन्यांत मिळतं.

शिमग्यात सुपारी घेऊ नका. गावोगाव पालखी नाचत असते, लोकांचं मन तिकडे असतं. आमच्यातले तिघं तर पालखीला खांदा द्यायला आपापल्या गावी गेलेले असतात. गणपतीतही घरोघर भजन आणि जाखडी नाच असतो, तिथे आपली गरज नसते. त्या रात्री जाऊन ऐकत बसा, पुढे उपयोगाला येतं. ते कसं, ते गाण्यांच्या भागात सांगतो.

पावसाळा तालमीचा. आम्हाला तालमीसाठी आंब्याच्या पेट्या भरायची एक शेड मिळालीय. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा. आतून गोणपाट आणि जुन्या गाद्या लावून आवाज आवरलाय. मार्च ते मे तिथे पेंढा, पेट्या आणि हापूस असतो, आमचा ड्रमसेट कोपऱ्यात ताडपत्रीखाली जातो. जून उजाडला की शेड पुन्हा आमची. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज असतो की बाहेर कुणाला आमचा त्रास होत नाही. तुमच्या गावात अशी एखादी शेड, बंद पडलेली भातगिरणी, शाळेचा जुना वर्ग नक्की असेल. मालकाला भाड्यासोबत त्याच्या घरच्या कार्यात फुकट वाजवायचा शब्द द्या.

सुपारी घेताना

फोनवर लोक तारीख आणि पैसे एवढंच बोलतात. तुम्ही पुढचं विचारायचं. उघड्यावर आहे की मंडपात की हॉलमध्ये? लाईट कुठून घेतलीय, मीटरवरून की जनरेटरवर? साउंड कुणाचा, त्याचा नंबर द्या. गाडी स्टेजपर्यंत येते का? (पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून ड्रम खांद्यावर न्यायचा असेल तर एक तास जास्त धरावा लागतो.) किती वेळ वाजवायचं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आमच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे?

हा शेवटचा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. संगमेश्वरकडच्या एका वाडीत पूजेनिमित्त आम्ही वाजवलं, लोक खूश होते, आम्ही एक गाणं वाढवलं, मग अजून एक. खाली आलो तर मंडपामागे नमनाची, म्हणजे आपल्या लोकनाट्याची, मंडळी रंगून, साज चढवून तासभर उभी होती. मे महिन्याचा उकाडा, तोंडावर रंग, आणि एकही माणूस तक्रारीचा शब्द बोलला नाही. त्यानंतर आमचा ड्रम उतरवायलाच चाळीस मिनिटं लागली. त्या वाडीतून पुन्हा बोलावणं आलं नाही आणि ते योग्यच होतं. तेव्हापासून आम्ही पंधरा मिनिटांत स्टेज रिकामं करायची तालीम करतो, घड्याळ लावून. ड्रमसेट सतरंजीवरच मांडतो. संपलं की चौघं चार कोपऱ्यांना धरतो आणि सतरंजीसकट सरकवून बाजूला नेतो, सुटा नंतर करतो. सिंधुदुर्गात दशावतार असेल तर जास्तच काळजी घ्या. त्यांचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि गाव त्यासाठीच जमलेलं असतं.

ठरलं की सगळं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून पाठवा : तारीख, पोचायची वेळ, वाजवायची वेळ, रक्कम, साउंड कोण देणार, गाडीभाडं कुणाचं, जेवण आणि झोपायची सोय. समोरच्याचं 'ओके' येऊ द्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या. मे महिन्यात वळीव कोसळून कार्यक्रम रद्द होतो, तेव्हा आगाऊ रक्कम परत मिळणार नाही हे त्याच मेसेजमध्ये असावं. मोठ्या माणसांशी असं बोलायला सुरुवातीला अवघड वाटतं, पण दशावतारवाले आणि भजनी बुवाही सुपारीचे पैसे आधी घेतात, गावाला ते नवीन नाही.

गाण्यांची यादी

कॉलेजला चाळीस मिनिटं, पूजेला साधारण एक तास, रिसॉर्टला पाऊण-पाऊण तासाचे दोन भाग, असा आमचा हिशोब आहे. पहिली तीन गाणी ओळखीची ठेवा. मग आपलं स्वतःचं एक. लगेच पुन्हा ओळखीचं. स्वतःची गाणी वाजवायचीच, नाहीतर बँड कशाला काढला? पण दोन एकापाठोपाठ ठेवली की खुर्च्या हलायला लागतात, हे दर वेळी दिसतं.

इथल्या श्रोत्याचा कान फार तयार आहे, हे लक्षात घ्या. लहानपणापासून त्याने डबलबारी ऐकलेली असते, दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर भजनाचा सामना करताना पाहिलेले असतात. ताल हुकला तर शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतो. एकदा कणकवलीजवळ आमच्यानंतर भजन होतं. मंडपामागच्या बाकड्यावर पखवाजवाले काका शाई तपासत बसले होते. आमचा ड्रमर त्यांच्याजवळ जाऊन बसला. काकांनी त्याला गजराचा ठेका आधी तोंडाने म्हणून दाखवला, मग त्याच्या मांडीवर थाप देऊन दाखवला, आणि तो ठेका चढत कसा न्यायचा, कुठे क्षणभर सोडायचा आणि समेवर कसा यायचा, ते दोन-तीनदा करून घेतलं. आमच्या ड्रमरने तो फ्लोअर टॉम आणि किकवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या दोन मोठ्या ड्रमवर, बसवला. पुढच्या कार्यक्रमात एका गाण्याच्या शेवटी तो ठेका आला आणि गिटार मोठ्याने वाजत असतानाच समोरच्या बायकांचे हात आपोआप टाळीवर आले. कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ गायकाचा हात धरून म्हणाले, "माका सबुद येक कळाक नाय, पण शेवटाक पोटात धडधडला." आम्हाला मिळालेली सगळ्यांत मोठी दाद मी हीच मानतो. गणपतीत ऐकत बसा म्हटलं, ते यासाठी.

दुसऱ्याची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. तो सहसा हॉटेल किंवा आयोजकाने काढायचा असतो, पण काढलाय का हे तुम्ही विचारा. लग्नाच्या सोहळ्याला आणि धार्मिक विधीला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे.

लाईट आणि अर्थिंग

हा भाग दोनदा वाचा. बाकी चुका झाल्या तर सुपारी जाते, इथे जीव जाऊ शकतो.

आमचा गायक गिटारही वाजवतो. तिसऱ्या की चौथ्या कार्यक्रमात त्याचा ओठ माइकच्या जाळीला लागला आणि तो मागे फेकला गेला. ओठावर पांढरा डाग पडला, हात थरथरत होते. झालं होतं ते असं : गिटारच्या तारा ॲम्पमधून एका बोर्डाच्या अर्थला, म्हणजे जमिनीत उतरणाऱ्या तारेला, जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरमधून दुसऱ्या बोर्डाच्या अर्थला. त्यातल्या एका बोर्डाला अर्थ नावालाच होता. दोन्हींच्या मध्ये आमचा गायक उभा, एक हात तारांवर आणि ओठ जाळीवर. वीज त्याच्यातून वाट काढणारच.

कोकणात हे जास्त होतं, त्याला आपली जमीन कारण आहे. सड्यावर, म्हणजे पठारावर, जांभ्याचा कातळ असतो, अर्थिंगचा रॉड वीतभरही आत जात नाही, मग वायरमन तो दगडांच्या फटीत खोचून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये माती ठणठणीत कोरडी, म्हणजे रॉड असूनही नसल्यासारखा. किनाऱ्याजवळच्या जुन्या घरात अर्थची तार खाऱ्या हवेने गंजून तुटलेली असते आणि कुणाला पत्ताच नसतो.

म्हणून एक मल्टीमीटर विकत घ्या. साधा चालतो, पण त्याने २३० व्होल्ट मोजणं एखाद्या जाणत्या वायरमनकडून समोर बसून शिकून घ्या. स्टेजवर पोचल्यावर वाद्याची पेटी उघडायच्या आधी प्रत्येक बोर्ड मोजायचा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास हवेत. फेज आणि अर्थमध्येही तितकेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य, दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज-अर्थ भलताच कमी दाखवत असेल तर अर्थ नाही. फेज-न्यूट्रल २८०, ३०० असं काही दिसलं तर काहीही लावू नका. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल झालं की एका फेजवर व्होल्टेज चारशेकडे चढू शकतं आणि सगळी यंत्रं एका झटक्यात जळतात.

मग सगळं जोडून, चालू करून, कुणीही हात लावायच्या आधी, मल्टीमीटरचं एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा, एसी व्होल्टवर ठेवून. काटा किंवा आकडा शून्याजवळ हवा. दहा-वीस जरी दिसले तरी थांबा आणि वायरमनला बोलवा. पाहुणे आलेत, माइक द्या, असं लोक म्हणतील. तरी थांबा.

उपाय बहुतेक वेळा एकच असतो : स्टेजवरचं सगळं, म्हणजे ॲम्प, पेडल, कीबोर्ड, मिक्सर, एकाच ठिकाणच्या लाईटवर घ्यायचं, म्हणजे अर्थ एकच राहतो. आम्ही आमचा लांब वायरचा जाड एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन फिरतो आणि साउंडवाल्याच्या बोर्डावरूनच लाईट घेतो. त्या बोर्डात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाईट तोडणारा स्विच, बसवून घेतलाय. जनरेटरवर न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर तो गळती पकडू शकत नाही, त्यामुळे जनरेटरवाल्याला हे विचारायचंच. रॉडच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतायला सांगा.

गिटारमधून गुंईं आवाज येतो म्हणून काही जण प्लगची तिसरी, अर्थची पिन तोडतात. आवाज जातो आणि तुमचं संरक्षणही जातं. असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तो कितीही जुना जाणता असो. डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते त्यासाठीच आहे. रिसॉर्टमध्ये गुंईं बहुतेकदा डीप फ्रीजमुळे किंवा डिमरच्या दिव्यांमुळे येते. दुसऱ्या प्लगवर जा, गायब होते.

आणि लाईट जाणारच, हे धरून चला. गेली की पहिलं काम, सगळ्यांनी आपापले ॲम्प बंद करायचे. परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून चालू करायचे, कारण येताना व्होल्टेज उड्या मारतं. त्या अंधारात लोक शिट्ट्या मारायला लागतात. अशा वेळी वाजवायला विजेशिवायचं एक गाणं तयार ठेवा. आमचा ड्रमर मंडळाचीच ढोलकी मागून घेतो, मी साधी गिटार घेतो, गायक स्टेजच्या कडेला येऊन बसतो आणि लोक मोबाइलचे दिवे धरतात. दोन गावांत आम्हाला त्याच गाण्यासाठी लक्षात ठेवलंय.

साउंडवाला

गावातला साउंडवाला भाषणं, भजन आणि हळदीचा डीजे सांभाळतो. ड्रमसेटला माइक लावायचं काम त्याच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी येतं. त्याला आदल्या दिवशी फोन करा, आणि किती माइक, किती वायर लागतील ते एका कागदावर लिहून फोटो पाठवा. गायन दोन, गिटार ॲम्पसमोर एक, बेस डीआयने, किकला एक, ड्रमवर वरून एक. सहा चॅनलमध्ये चार जणांचा बँड छान होतो. छोट्या मंडपात ड्रमला किकशिवाय माइक लागतही नाही.

पोचल्यावर आधी त्याला भेटा, दादा म्हणा, चहा त्याला पहिला. कार्यक्रम त्याच्या हातात असतो. त्याच्या मिक्सरवर भजनासाठी एको चढवलेला असतो, तो गायकाच्या चॅनलवरचा अगदी कमी करायला सांगा, नाहीतर शब्द एकमेकांवर पडतात. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, एकच असेल तर तो गायकाला, आणि माइकच्या पाठीमागच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे स्पीकरची शिट्टी कमी होते. माइकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी होते, गायकाला ती सवय लागू देऊ नका. गिटारचा ॲम्प खुर्चीवर ठेवून किंचित वर झुकवा. तो पायाशी ठेवला की गिटारिस्टला ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या बायका कानांवर हात ठेवतात.

तपासणी याच क्रमाने : किक, स्नेअर, बेस, गिटार, आवाज, मग सगळ्यांनी मिळून सगळ्यांत मोठ्या आवाजाचं कडवं. एवढं दहा मिनिटांत होतं. तेवढ्या वेळात नवीन गाण्याची तालीम करत बसू नका, माणसं येऊन बसलेली असतात.

किनाऱ्यावर वाजवायचं असेल तर

वाळूतला कार्यक्रम ऐकायला फार सुंदर वाटतो, आणि आयोजक हौसेने पौर्णिमा निवडतात. आता हिशोब करा. आपल्या किनाऱ्यावर पुनवेला आणि अवसेला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते, पुढे रोज सुमारे पाऊण तास उशिरा. कोळी लोक तिथीला पाऊणपट करून वेळ काढतात ती अशीच. म्हणजे पुनवेला संध्याकाळी सहाला तुम्ही स्टेज पाहायला गेलात तर ओहोटी असते, पाणी लांब दिसतं. तुम्ही रंगात आलेले असता रात्री दहाला, तेव्हा उधाणाची भरती चढत येत असते, तीही महिन्यातली मोठी. आम्ही गुहागरच्या बाजूला एकदा शेवटचं गाणं चालू असताना पाणी जनरेटरच्या वायरपाशी आलेलं पाहिलं. गाणं तिथेच थांबवलं, लाईट बंद केली आणि काळोखात सामान उचललं. आता जागा ठरवताना आम्ही तिथल्या कोळीवाड्यात विचारतो की पाणी कुठपर्यंत येतं, आणि ते बोट दाखवतील त्याच्या वर दहा पावलं जातो. ओल्या वाळूवर विजेची एकही जोडणी नको. बोर्ड टेबलावर, वायर बांबूवरून.

संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे उलट. माइकला फोमची टोपी घाला. आवाज रात्री पाण्यावरून फार लांब जातो. खाडीच्या काठावर वाजवलंत तर पलीकडच्या वाडीत अंगणात बसल्यासारखं ऐकू जातं. स्पीकरची तोंडं खाडीकडे करू नका.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा काळ. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, स्टेजचे दिवे पाहून ती समुद्राऐवजी आपल्याकडे येतील. अशा ठिकाणी आयोजकाला वाळूवरून गावात, शाळेच्या मैदानावर कार्यक्रम घ्यायला सांगा. आम्ही सांगतो, आणि न ऐकल्यास जात नाही.

दहा वाजता

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या, जास्तीत जास्त पंधरा दिवसांना राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ड्रमसेट जवळून माइकशिवायच शंभरच्या घरात जातो, एवढं डोक्यात राहू द्या. मुंबईतलं रंगभवन, जिथे १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक व्हायचं, ते शांतता क्षेत्रात आल्यामुळे रॉकला मुकलं. आपल्याकडे एवढं मोठं काही नाही, त्यामुळे आहे ती पत जपायला हवी.

पोलीस ठाण्याची परवानगी आयोजकाने काढायची. तिचा फोटो मागवून मोबाइलमध्ये ठेवा. आम्ही पावणेदहाला शेवटचं गाणं सुरू करतो. कुणी पुढारी स्टेजखालून "अजून एक" म्हणाले तरी हात जोडतो. आणि वाडीत कुणी आजारी असेल, कुणाकडे लहान बाळ असेल, तर संध्याकाळी आधी त्या घरी जाऊन सांगून येतो. एका ठिकाणी त्या घरातल्या काकूंनीच नंतर आम्हाला सोलकढी पाठवली.

सामान, हवा, रस्ता

खाऱ्या हवेत तारा आठवड्यात गंजतात. प्रत्येक कार्यक्रमानंतर तारा सुती फडक्याने पुसा, प्रत्येक वायरचं जॅकही पुसा. गिटार पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका. बरोबर घ्या : तारांचा जादा संच, दोन जादा वायरी, फ्यूज, ड्रमची किल्ली, चिकटपट्टी, विजेरी, सेल.

सामान तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा आमच्या बेसिस्टचा ॲम्प त्याच्या मामांच्या तळघरात होता. चिखल काढून तो वाळवला, पण दुकानात उघडून पूर्ण साफ होईपर्यंत लाईटला लावला नाही, म्हणून वाचला.

छोटा हत्ती टेम्पोत ड्रम आणि ॲम्प, मागे मोटारसायकली, असा आमचा प्रवास असतो. रत्नागिरीहून गुहागरला जाताना जयगड-तवसाळ फेरीबोट आणि पुढे दापोलीकडे धोपावे-दाभोळ फेरीबोट खूप अंतर वाचवते. पण येताना शेवटची फेरी कितीची ते जातानाच विचारा. आम्ही ती एकदा चुकवली आणि रात्र तवसाळच्या धक्क्यावर टेम्पोत काढली.

वाजवताना आणि नंतर

देवळाच्या आवारात कार्यक्रम असेल तर सुरुवातीला गाऱ्हाणं घालतात. चपला काढून सगळ्या बँडने तिथे उभं राहायचं, नारळ फुटेपर्यंत. गाण्यांच्या मध्ये कमी बोला, पण बोलाल ते तिथल्या भाषेत. आभार मानताना साउंडवाल्याचं आणि जेवण करणाऱ्या बायकांचं नाव घ्या. हे आधी विचारून लिहून ठेवावं लागतं.

उरलेले पैसे वाजवायला उभं राहण्याआधी मागा, खजिनदाराला बाजूला घेऊन, हळू आवाजात. प्रसिद्धी मिळेल म्हणून फुकट बोलावणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आपल्या गावचं देऊळ आणि आपली शाळा एवढंच फुकट. मिळालेल्यातून आधी गाडीभाडं, मग तारा-वायरींच्या डब्यात एक वाटा, मग चौघांत सारखे. आमच्यात गायकाला जास्त नाही आणि ड्रम वाहणाऱ्यालाही जास्त नाही. पहिल्या दिवशी ठरवलं म्हणून भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकाला फोन करा. पोचलो, सामान सगळं मिळालं, काही चुकलं असेल तर सांगा, एवढंच. आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या, वहीत लिहा. कणकवलीजवळच्या त्या मंडळाने सांगितलं होतं की गिटार फार टोचते आणि मुलं झोपायच्या आत सुरू करा. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचाच फोन आला : भजनाच्या आधी साडेसातला या, आणि तो गजराचा ठेका वाजवणार असाल तर पखवाजवाले काका म्हणतायत, ते स्टेजवर सोबत बसतील.